मेंढपाळाची गोष्ट आणि वऱ्हाडचा माळ

झां जिओनो या फ्रेंच ग्रंथकाराने १९५३ साली लिहिलेली, झाडे लावणाऱ्या मेंढपाळाची कथा आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या परिचयाची असेल. फ्रान्सच्या उजाड डोंगराळ मुलुखात एक एकाकी मनुष्य ओकची निवडक बीजे रोज शंभर याप्रमाणे पेरीत जातो. तीन वर्षांत लक्षभर बीजे मातीत पडतात. त्यांतून दहा हजार झाडे जगतील एवढीच त्याची अपेक्षा. पुढे तीसपस्तीस वर्षांत तेथे अरण्य उभे राहते, आटलेले झरे वाहू लागतात आणि ओस गावे पुन्हा वसतात. ही गोष्ट काल्पनिक असूनही अनेकांना ती खरी वाटली, यातच लेखकाच्या लेखणीचे यश आहे. लोकांना झाडे लावण्याची गोडी लागावी हाच आपला हेतू होता, असे त्याने १९५७ साली एका पत्रात स्पष्टच सांगितले आहे.

हेतू उदात्त खरा. तथापि कथेत एक उणीव राहिली आहे, असे आम्हांस वाटते. जमीन कोणाची, याची त्या मेंढपाळास फिकीर नाही. मेंढ्या रोपे खाऊ लागल्या, तेव्हा त्याने त्या बहुतेक काढून टाकल्या व मधमाश्या पाळल्या. परंतु ज्याचे पोटच दहा शेळ्यांवर अवलंबून आहे, त्याने काय करावे? कथेतील गावकरी शेवटी येतात ते आयती सावली भोगण्यास.

१९९४ साली झालेल्या वाळवंटीकरणविरोधी आंतरराष्ट्रीय कराराने वाळवंटीकरण म्हणजे वाळूचे आक्रमण नव्हे, कोरडवाहू जमिनीचा कस जाणे होय, असे ठरविले. आणि उपाय ठरविताना स्थानिक लोकांस सहभागी करून घ्यावे, असेही त्यात मान्य झाले. भारताने १९९६ साली त्यास संमती दिली. आपल्या राज्यात मात्र २०१६ साली दोन कोटी व २०१९ साली तेहतीस कोटी रोपांचे संकल्प सोडण्यात आले. खड्ड्यांची गणती सोपी असते. उन्हाळ्यात रोप कोण राखणार, हा प्रश्न अवघड. अकोल्याकडील खारपाण पट्ट्यात तर विहिरीचे पाणीच खारे. तेथे तो अधिकच बिकट होतो.

याचे उत्तर अमरावती जिल्ह्यातील अचलपूर तालुक्यात पायविहीर या लहानशा गावी पाहावयास मिळते. वनहक्क कायद्यान्वये २०१२ साली गावास सुमारे १९२ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. मग ग्रामस्थांनी रोजगार हमीच्या कामांतून माती अडविली, झाडे लावली, राखण पत्करली आणि रानातील सीताफळे स्वतः विकण्यास आरंभ केला. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या सहकार्याने दिला जाणारा जैवविविधता पुरस्कार या गावास लाभला.

येथे हक्क आधी आला, रोपे मागून आली. हा क्रमच आम्हांस महत्त्वाचा वाटतो. जिओनोची कथा मुलांना अवश्य वाचून दाखवावी. परंतु पुस्तक मिटल्यावर हा माळ कोणाचा आणि त्याचे फळ कोणाच्या पदरी पडणार, हेही त्यांस विचारावे. एकट्याच्या तपश्चर्येची कथा वाचून मन भरून येते हे खरे. माळ हिरवा राहतो तो मात्र गावाच्या राखणीने.