स्थलांतरित श्रमिकाचा जमाखर्च आणि मराठी समीक्षा

गिरणगावाविषयीच्या मराठी वाङ्मयाचे विवेचन बहुधा दोन शब्दांपाशी येऊन थांबते : विरह आणि विद्रोह. हे शब्द खोटे नाहीत. परंतु कोकणातून व घाटावरून मुंबईत आलेल्या माणसाने काय मिळवले, आणि ते कोणाकोणाला पुरवले, हा प्रश्न त्यांत मावत नाही. सोसणारा म्हणून हा माणूस समीक्षेच्या परिचयाचा आहे. पोसणारा म्हणून नाही.

साहित्यकृतींनी मात्र हा हिशेब टाळलेला नाही. अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड विरहाने सुरू होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीपर्यंत जाते. या वळणाला प्रचार म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. पण पोटासाठी गाव सोडणारा आणि राज्यासाठी झगडणारा माणूस एकच, हे त्या वळणाखेरीज सांगता आले नसते. नारायण सुर्वे यांच्या ‘मुंबई’ या कवितेतील बापही सह्याद्री उतरून येतो तो याचक म्हणून नव्हे. शहराला देण्याजोगे श्रम त्याच्याजवळ आहेत. मुलाचा या शहरावरील अधिकार त्या देण्यातून सिद्ध होतो. सुर्व्यांचा पोशिंदा पिता गंगाराम हा गिरणीकामगार होता, एवढे चरित्र येथे पुरे.

त्या पगाराचा प्रवास पाहावा. मनिऑर्डरीने तो गावच्या चुलीपर्यंत पोहोचे, आणि वाटेत वाणी व खानावळवाली यांचेही संसार चालवी. एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या या बायांची संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने १९७५ साली उभी राहिली. मराठी कवितेने भाकरीला प्रतीक केले. भाकरी विकून घर चालवणारी बाई त्या मानाने दुर्लक्षितच राहिली.

शिवाय ‘कामगार’ हा शब्दही वाटतो तितका एकजिनसी नाही. तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या सबबीवर दलित कामगारांना अधिक पगाराच्या विणकाम खात्यापासून दूर ठेवले जाई. घामाची किंमतही जात पाहून ठरत होती.

१९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात त्यानंतरचे घर दिसते. त्याची चर्चा बेकारीची शोकांतिका म्हणून पुष्कळ झाली. परंतु त्या घरातला थोरला मुलगा लेखक होऊ पाहतो, ही गोष्ट किरकोळ नव्हे. शिक्षण, पुस्तके आणि लिहिण्याची उमेद ही मध्यमवर्गाची मिरासदारी समजली जाते. येथे ती गिरणीच्या पगारातून आलेली आहे. पगार थांबतो तेव्हा मुलगा कामगारही उरत नाही आणि मध्यमवर्गीयही होत नाही. त्याचे लेखनही त्याच घरात अडकून पडते.