धर्मसंकट डॉक्टरांचें, आणि पडद्याआडचा रोगी

बर्नार्ड शॉ यांचें ‘द डॉक्टर्स डायलेमा’ हें नाटक लंडनच्या कोर्ट थिएटरांत १९०६ सालीं प्रथम रंगभूमीवर आलें आणि त्याची विस्तृत प्रस्तावना १९११ सालीं प्रसिद्ध झाली. नाटक हंसविणारें आहे. प्रस्तावना मात्र तें हंसूं मावळविणारी आहे. शतकाहून अधिक काळ लोटल्यावर आम्हीं हीं दोन्ही पुन्हां वाचलीं, आणि या कृतीचें गुणदोषविवेचन हा आज निव्वळ वाङ्मयीन कुतूहलाचा विषय नाहीं, असें आम्हांस वाटलें.

कथानक थोडक्यांत असें. सर कोलेन्सो रिजन यांस क्षयावर नवा उपचार सांपडला आहे. परंतु आणखी एकाच रोग्याची सोय त्यांच्यापाशीं आहे. एकीकडे लुई ड्यूबेडॅट हा प्रतिभावान पण लबाड चित्रकार, दुसरीकडे ब्लेंकिन्सॉप हा दरिद्री व सरळ डॉक्टर. रिजन यांचें मन चित्रकाराच्या पत्नीवर जडतें, आणि मग निवाडा शास्त्राचा राहत नाहीं. भोंवतीं इतर धन्वंतरी आहेतच. शस्त्रवैद्य वॉलपोल यांच्या मतें सर्व रोगांचें मूळ रक्तदोषांत, आणि उपाय एकच : शरीरांतील एक पिशवी कापून काढणें. ही पिशवी शॉ यांच्या कल्पनेंतली आहे. तिच्यावर उभी राहिलेली प्राप्ति मात्र काल्पनिक वाटत नाहीं.

प्रस्तावनेचें मर्म हेंच. ज्याची कमाई शस्त्रक्रियेवर अवलंबून आहे, त्याच्याच मुखानें ती अवश्य आहे कीं नाहीं हें ठरविणें, ही व्यवस्थाच शॉ यांस वेडगळ वाटते. डॉक्टर दुष्ट आहेत असें ते म्हणत नाहींत. सामान्य माणसास असामान्य मोहांत उभें करून त्याच्याकडून साधुत्वाची अपेक्षा करणारा समाज ते दोषी धरतात. टीका व्यक्तीवरून पद्धतीवर नेणें, हा या लेखनाचा सर्वांत मोठा गुण होय.

हें अतिरंजित म्हणणारांनीं बीड जिल्ह्याकडे पाहावें. तेथें २०१९ सालीं ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. सर्वच शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कॅन्सरची भीति घातली गेल्याचें अनेकींनीं सांगितलें. फडावर खाडा पडला कीं दंड, आणि मुकादमाची उचल तर डोक्यावर उभीच; अशा स्त्रीस पाळीचें दुखणेंही परवडत नाहीं. तिची नड आणि दवाखान्याचा लाभ हीं एका ठिकाणीं भेटलीं म्हणजे ‘रोग्याची संमति’ या शब्दांत कितीसा अर्थ उरतो?

आतां दोष. व्यापारावरील रोष शॉ यांनीं शास्त्रावरही काढला. देवीच्या लशीस त्यांनीं कडवा विरोध केला. देवीचें जगांतून उच्चाटन झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें. आणि तें लशीच्याच बळावर झालें. औषध विकणारा लोभी असला म्हणून औषध खोटें ठरत नाहीं. हा विवेक सुटला कीं रोगी एका धंदेवाल्याच्या हातून सुटून दुसऱ्याच्या, बहुधा अधिक अज्ञानी अशाच्या, हातीं सांपडतो.

दुसरा दोष आम्हांस अधिक बोंचतो. रिजन यांनीं आधीं निवडलेले दहा रोगी नाटकांत कोठेंच दिसत नाहींत. ज्यांस परत पाठविलें, तेही नाहींत. ड्यूबेडॅट मरतांना सुंदर बोलतो, पण तें कलेविषयीं. ज्यास प्रतिभा नाहीं, सुंदर पत्नी नाहीं, पैसाही नाहीं, त्या रोग्यास रंगभूमीवर जागा नाहीं. वैद्यकी ही सार्वजनिक सेवा व्हावी, हा शॉ यांचा आग्रह आम्हांस मान्य आहे. ब्रिटननें १९४८ सालीं तशी व्यवस्था आरंभिलीही. परंतु पगारी डॉक्टरही रोग्याकडे न पाहतां केवळ कागदाकडे पाहूं शकतो. मोह काढून टाकल्यानें कापाकापी कमी होईल. तेवढ्यानें विचारपूस वाढेलच असें नाहीं.

नाटककारानें डॉक्टरांचें धर्मसंकट उत्तम रंगविलें. फडावरून दवाखान्याच्या दारीं आलेल्या त्या स्त्रीचें धर्मसंकट रंगविणारें नाटक लिहावयाचें राहिलें आहे. तें मराठींत लिहिलें जावें, अशी आमची इच्छा आहे.