यात काय दिसतं?

2013 सालची गोष्ट. पुतणीचं लग्न दिल्लीला होतं, आणि दुसऱ्या दिवशी आम्हा बेळगावकरांना दुपारभर काही उद्योग नव्हता. साकेतमधल्या एका मॉलमध्येच किरण नाडर संग्रहालय आहे. तिथं नसरीन मोहमदीच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. वन्संना साड्या बघायच्या होत्या, मला चित्रं. मॉल एकच, त्यामुळे भांडण झालं नाही. आधी चित्रं, मग साड्या असं ठरलं.

आत भिंतींवर कागदच कागद. पांढरट कागदावर पेन्सिलीच्या आणि काळ्या शाईच्या बारीक रेघा. माणूस नाही, झाड नाही, रंग तर नाहीच. बहुतेक चित्रांना नावंही नाहीत, आणि तारखाही फारशा नाहीत. वन्सं चष्मा पुसून पुसून बघत होत्या. तिसऱ्या की चौथ्या चित्रापाशी त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "वहिनी, यात काय दिसतं?"

"रेघा."

"त्या मलापण दिसतायत हो. पण रेघांत काय दिसतं?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं तर मंडळात चित्रकलेवर मी दोनदा बोलले होते, पुस्तकं वाचून टिपणंही काढली होती. त्यातलं एक वाक्य त्या वेळी उपयोगी पडेना. असा प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी ठरवायची एक रीत आहे, ती मला मुळीच आवडत नाही. ज्यांनी ही चित्रकला सुरू केली त्यांनाही आधी हाच प्रश्न पडला होता.

कांदिन्स्की हा रशियन माणूस मूळचा कायद्याचा. 1896 मध्ये मॉस्कोला फ्रेंच चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं, त्यात मोनेचं गवताच्या गंजीचं चित्र होतं. ती गंजी आहे हे त्याला ओळखूच आलं नाही, माहितीपुस्तिकेत वाचल्यावर कळलं. आधी तो वैतागला. वस्तू ओळखू येऊ नये असं चित्र काढायचा चित्रकाराला काय अधिकार, असं त्याला वाटलं. पण ते चित्र काही केल्या डोक्यातून जाईना. पुढे तो कायदा सोडून म्युनिकला चित्रकला शिकायला गेला, आणि 1911 च्या आसपास त्याच्या चित्रांतून वस्तू विरघळत जवळजवळ नाहीशाच झाल्या. मालेविचनं 1915 मध्ये पेट्रोग्राडला एक काळा चौकोन टांगला, तोही खोलीच्या वरच्या कोपऱ्यात. रशियन घरात त्या जागी देवाची तसबीर असते. आपल्या देवघरात कुणी नुसता काळा पाट उभा करून ठेवावा, तसंच ते.

आणि या दोघांच्याही आधी, 1906 पासून, स्वीडनमध्ये हिल्मा आफ क्लिंट नावाची बाई मोठमोठी वर्तुळं, वेटोळी, पाकळ्या रंगवत होती. देवालयासाठी म्हणून तिनं 1915 पर्यंत 193 चित्रं केली. आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षं ती कुणाला दाखवू नका असं सांगून ती 1944 मध्ये गेली. त्यानंतर ती लोकांसमोर आली 1986 मध्ये, लॉस एंजेलिसला. अमूर्त चित्रकलेच्या जन्मावर न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं 2012 च्या अखेरीला मोठं प्रदर्शन भरवलं, त्यातही तिला जागा नव्हती. पहिला कोण, ही पुरुषांची शर्यत. ती त्या शर्यतीत कधी उभीच राहिली नाही, आणि म्हणून माझं मन तिच्याकडे झुकतं. चित्रांबद्दल मात्र खरं सांगायचं तर त्यातली काही मला चित्रापेक्षा तक्त्यासारखी वाटतात. कुठल्या खुणेचा काय अर्थ हे कुणीतरी शेजारी उभं राहून सांगावं, असं वाटत राहतं.

'अमूर्त' हा शब्द आपल्याला नवा नाही. पाठशाळेत सहा द्रव्यं पाठ केलेली असतात. त्यातलं पुद्गल तेवढं मूर्त, बाकीची पाच अमूर्त. त्या हिशेबानं अमूर्त चित्र असं काही असूच शकत नाही. कागद पुद्गल, शाई पुद्गल, बघणारा डोळासुद्धा पुद्गलच. वासुदेव गायतोंडेंनाही आपल्या चित्रांना अमूर्त म्हटलेलं आवडत नसे. यात वस्तूचं चित्रण नाही इतकंच म्हणा, असा त्यांचा आग्रह. गोव्याच्या घराण्यातले, नागपूरला जन्मलेले गायतोंडे नसरीनचे वडीलधारे स्नेही होते. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र 23.7 कोटींना गेलं, आणि आमच्या मंडळात चित्रकलेवर जी काय चर्चा झाली ती या आकड्यावर झाली.

नसरीनचा जन्म 1937 चा, कराचीचा. लहानपणीच आई गेली. मुंबईत वाढली, लंडन-पॅरिसला शिकली, आणि 1972 पासून 1990 मध्ये जाईपर्यंत बडोद्याच्या कलाशाखेत शिकवत राहिली. ती फोटोही काढायची, पण हयातीत तिनं ते प्रदर्शनात मांडले नाहीत. त्या दिवशी तेही बघायला मिळाले. फत्तेपूर सिक्रीची फरसबंदी होती, रस्त्यावरचे पट्टे होते, आणि एका फोटोत मागावर ताणलेला ताणा.

तिथं मी थांबले, कारण तो मी ओळखत होते. माझं माहेर शहापूरचं. गल्लीत दारोदार माग. शाळेतून येताना आम्ही मुली खिडकीतून आत बघत उभ्या राहायचो. धोटा धावायला लागला की गंमत जायची. त्याआधी, नुसता ताणा भरलेला असताना, शेकडो धागे शेजारी शेजारी ताणलेले, अजून साडी नाही, काठ नाही, पदर नाही. डोकं थोडं हलवलं की त्या धाग्यांवरून उजेडाची एक लाट सरकायची. ती लाट धाग्यांत नव्हती. माझं डोकं हलत होतं म्हणून ती होती.

नसरीनच्या रेघांत नेमकं हेच घडतं. लांबून कागदावर करडा धूर दिसतो. जवळ गेलं की रेघा मोजता येतात. काही केसाइतक्या बारीक, काही किंचित जाड, दोन रेघांमधलं अंतर हळूहळू कमी होत जातं आणि त्यामुळे सपाट कागदाचा एक भाग आत खोल जातो, एक वर उचलला जातो. ती काहीतरी काढून दाखवत नाही, आपल्या डोळ्यांना कामाला लावते. शेवटच्या वर्षांतल्या चित्रांत तर रेघाही थोड्याच उरल्या. मोठा कोरा कागद आणि त्यावर तिरप्या चारदोन रेघा, जमिनीला न टेकलेल्या. तिथं तो कोरेपणाच जड वाटायला लागतो.

आता बस्तीची आठवण सांगते, कारण ती मला तिथंच झाली. आपल्याकडे सिद्धांची धातूची प्रतिमा असते. अरहंतांना देह आहे, त्यांची मूर्ती घडवता येते. सिद्ध अशरीरी, त्यांची मूर्ती कशी करणार? तर पितळी पत्र्यातून खड्गासनात उभ्या माणसाचा आकार कापून काढायचा. उरते ती चौकट आणि मधली पोकळी. त्या पोकळीतून मागची भिंत दिसते, निरांजन दिसतं, उपाध्यांचा हात दिसतो. लहानपणी मी मोठ्यानं विचारलं होतं, "यातली मूर्ती कुठं गेली?" सगळ्या बायका हसल्या होत्या. माझा प्रश्न आणि वन्संचा प्रश्न काही फार वेगळे नव्हते.

यावरून "अमूर्त कला पाश्चात्त्यांच्या आधी आपल्याकडेच होती" असं व्यासपीठावरून ऐकायला मिळतं. टाळ्याही पडतात. मला हे पटत नाही. तो पत्रा कापणारा कारागीर वस्तू टाळत नव्हता. जे सांगायचं ते तो इतकं चोख सांगत होता की त्याहून चोख सांगताच येणार नाही. त्याच्या पोकळीला माणसाची बाह्यरेषा आहे, नाव आहे, शास्त्राचा आधार आहे. नसरीननं बाह्यरेषाही ठेवली नाही आणि नावही दिलं नाही. तिला कुणी सूफी म्हणतं, कुणी इस्लामी भूमितीशी नेऊन बसवतं. मी तिला जैन म्हणून घरी आणावं, हा मोह मलाही झालाच. पण ते अतिक्रमण होईल.

उलट आपली अडचण वेगळी आहे. पाटावर आपण अक्षतांचं स्वस्तिक काढतो, वर तीन ठिपके, त्यावर चंद्रकोर. चार गती, रत्नत्रय, सिद्धशिला. हे आपण इतकं सराईतपणे वाचतो की तांदूळ कसे पडले, कोर कुठं बारीक झाली, हे बघतच नाही. वाचता आलं की बघणं थांबतं. रझांच्या 'बिंदू'च्या चित्रांबद्दल माझी हीच तक्रार आहे. सुरुवातीचा तो काळा गोळा अंगावर येतो. पुढे पुढे त्याला बीज, प्रकृती अशी नावं लागत गेली आणि बघणाऱ्याचं काम हलकं झालं. नसरीनपुढे वाचायला काहीच नाही, मग बघण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

तिला मज्जासंस्थेचा आजार होता. हातापायांवरचा ताबा सुटत चालला होता, तरी रेघ कुठं ढळलेली नाही. हे कळल्यावर लोक हळहळतात. मीही हळहळले. पण चित्रांपुढे उभं राहिल्यावर ती हळहळ अडगळच वाटू लागली. रेघांना आपली कीव नको असते, आणि आजार बळावण्याआधीची रेघही इतकीच काटेकोर होती.

तरी एक गोष्ट मनातून जाईना. माझ्या आईला म्हातारपणी कंपवात झाला. ठिपक्यांच्या रांगोळीत तिचा हात धरणारं आमच्या गल्लीत कुणी नव्हतं. शेवटी शेवटी ती अंगणात नुसते ठिपके ठेवायची, एकेक करत, बराच वेळ घेऊन, आणि उठायची. जोडायला हात चालत नव्हता. मी माहेरी गेले की घाईघाईनं ते जोडून टाकायची, तिला बरं वाटावं म्हणून. ती काही बोलायची नाही. त्या ठिपक्यांकडे मी एकदाही नीट बघितलं नाही. चूक होती का बरोबर, ओळी कशा लागल्या होत्या, मधली जागा तिनं कशी सांभाळली होती, यातलं मला आज काहीही आठवत नाही. आठवतात ती फक्त मी जोडलेली कमळं.

हे मी वन्संना तिथं सांगितलं नाही. त्या तोवर पुढे गेल्या होत्या. शोधत गेले तर शेवटच्या दालनात एका मोठ्या, जवळजवळ कोऱ्या कागदापुढे हात मागे बांधून उभ्या. मी म्हटलं, "चला, साड्या बघायच्यात ना?" त्या म्हणाल्या, "थांबा हो जरा."

थांबलो. दिवस मावळायच्या आत जेवायला लग्नघरी पोचायचं होतं, त्यामुळे साड्या राहिल्याच. ते मला अजून ऐकावं लागतं.