देवमाशांच्या आज्या कशासाठी जगतात?

सॅम एलिस व सहकाऱ्यांनी २०२४ साली ‘नेचर’मध्ये ३२ जातींच्या दातवाल्या देवमाशांची तुलना मांडली. त्यांपैकी ओर्कासह पाचच जातींत रजोनिवृत्ती आढळते. या माद्यांचा प्रजननकाळ आखडला नाही. समान आकाराच्या इतर जातींपेक्षा आयुष्यच सुमारे ४० वर्षांनी वाढले. तुलना मोठी असल्याने निष्कर्ष पटतो.

पण ‘आज्या नातवंडांसाठी जगतात’ हे सोपे भाषांतर फसवे आहे. उत्क्रांतीला हेतू नसतो. वृद्ध माद्यांच्या मदतीने ज्यांची पिल्ले अधिक तगली, त्यांचा वंश वाढला, एवढेच. शिवाय ‘देवमासा’ शब्दही मोघम. २०१५ साली सिंधुदुर्गात कुणकेश्वरजवळ दिसलेला निळा देवमासा दातांऐवजी झालरीने अन्न गाळतो. त्याच्या गटात रजोनिवृत्ती आढळलेली नाही. मालवणच्या वर्गात शिक्षकांनी आधी हा फरक सांगावा.