पन्नास कोकूंचा सामुराई

संस्थानचा अधिपती कोठाराची पाहणी करायला येतो. शिध्याची मोजदाद करणारा कारकून सेइबेई इगुची मान खाली घालून उभा असतो. किमोनो फाटका, केस विस्कटलेले. जवळ येताच अधिपतीला त्याच्या अंगाचा वास येतो. बोभाटा होतो, आणि घराण्याची अब्रू घालवली म्हणून काका घरी येऊन सेइबेईला फैलावर घेतात.

योजी यामादा यांच्या ‘तासोगारे सेइबेई’ (2002) या चित्रपटातला हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. उतरंडीच्या दोन टोकांची माणसं इतकी जवळ आली, की खालच्याची गरिबी वरच्याच्या नाकाला जाणवली. त्यावर त्या व्यवस्थेला एकच उपाय सुचतो: गरिबाने नीटनेटकं राहावं.

काळ जपानमध्ये सामुराईंची राजवट संपवणाऱ्या 1868च्या मेइजी स्थित्यंतराच्या जरा आधीचा. सेइबेईचं वेतन 50 कोकू. एक कोकू म्हणजे सुमारे 150 किलो तांदूळ, एका माणसाला वर्षभर पुरेल असा धरलेला हिशेब. सामुराईची पत, त्याचं लग्न, दरबारातली जागा, सगळं या आकड्यावर ठरे. कागदावर पन्नास बरे दिसतात, पण क्षयाने गेलेल्या बायकोच्या आजारपणाचं कर्ज आहे, आईला माणसं ओळखू येत नाहीत, पदरात दोन लहान मुली आहेत. म्हणून सोबतचे कारकून प्यायला निघाले की हा दिवेलागणीला घरची वाट धरतो, आणि ‘सांजवेळेचा सेइबेई’ म्हणून त्यांच्या चेष्टेचा विषय होतो. रात्री दिव्याच्या उजेडात तो बांबूच्या काड्यांचे किड्यांचे पिंजरे विणतो, तेवढीच वरकमाई. शेतात राबतानाही त्याला कमीपणा वाटत नाही. मुली पिकासारख्या रोज वाढताना दिसतात, यातच तो सुखी आहे. हिरोयुकी सानादा यांनी हे समाधान कुठेही गोड न करता उभं केलं आहे.

मोठ्या घरची, घटस्फोट घेतलेली त्याची बालमैत्रीण तोमोए त्याच्या आयुष्यात परत येते. तिचा भाऊ स्वतः लग्नाचा विषय काढतो. नकार सेइबेईच देतो. पहिली बायकोही वरच्या घरातून आली होती आणि हे दारिद्र्य तिला कधी मानवलं नाही, हे तो विसरलेला नाही. इथे कोणी कोणावर जुलूम करत नाही, तरी कोकूंचा हिशेब माणसाच्या मनात किती खोल मुरलाय ते दिसतं.

मग हुकूम येतो: संस्थानातल्या सत्तासंघर्षात हरलेल्या गटातला योगो झेनएमोन शिक्षा म्हणून पोट फाडून घ्यायला नकार देतोय, त्याला मार. सेइबेई नाही म्हणून पाहतो, पण वरिष्ठांपुढे त्याचं चालत नाही. निघण्यापूर्वी तयारी करून द्यायला घरात कोणी नाही, म्हणून तो तोमोएला बोलावतो. ती त्याचे केस विंचरून बांधते, बाह्या आवरून देते. यामादा या कामाला पुरेसा वेळ देतात. ज्याच्या गबाळेपणाचा गावभर बभ्रा झाला, त्याला कोणी प्रेमाने नीटनेटकं करतंय, तेही मारायला किंवा मरायला पाठवण्यासाठी. मनातलं तिला सांगायचं धैर्य त्याला आत्ता होतं. तोवर तिचं दुसरीकडे ठरलेलं असतं.

झेनएमोनच्या अंधाऱ्या घरात तलवारी उपसण्याआधी दोघं बसून बोलतात. मिन तानाका हे मूळचे नर्तक, आणि त्यांचा झेनएमोन बसल्या जागीही अख्ख्या देहाने बोलतो. परागंदा असताना बायको आणि मुलगी गेली, हे सांगत तो मुलीच्या अस्थी दाताखाली चावतो. वरच्याने सांगितलं ते निष्ठेने केलं, मग मी का मरायचं, हा त्याचा प्रश्न. सेइबेईही मोकळा होतो: बायकोच्या अंत्यविधीसाठी तलवार विकली, म्यानात आहे ते बांबूचं पातं. हे ऐकताच झेनएमोन पेटतो. आतापर्यंत पळून जाऊ दे म्हणून विनवणारा हा माणूस, आपल्याला मारायला बांबू आणला या अपमानाने लढायला उठतो. ज्या व्यवस्थेने त्याचं सगळं हिरावलं, तिचा मान अजून त्याच्या रक्तात आहे. सेइबेईजवळ आखूड तलवार आहे. झेनएमोनची लांब तलवार बुटक्या घराच्या तुळईत अडकते, आणि तिथेच निकाल लागतो.

पुढे आलेल्या युद्धात सेइबेई बंदुकीच्या गोळीला बळी पडला, हे म्हातारी झालेली त्याची धाकटी मुलगी इतो निवेदनात सांगते. यामादा ते युद्ध दाखवत नाहीत, आणि मला हा निर्णय अचूक वाटतो. इतोला बापाच्या मरणापेक्षा त्याचं जगणं सांगायचं आहे.