समोशाचं काम काय?

मुलांच्या विनोदी कार्टून मालिकेत या वेळी नवं काय घडलं, हा मोठ्यांचा प्रश्न. मुलं जुनंच बघायला बसलेली असतात. ‘मोटू पतलू’मधला इन्स्पेक्टर चिंगम हवेत गोळी झाडणार आणि नारळ त्याच्याच टाळक्यात पडणार, हे शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीच्या पहिलीतल्या पोरालाही पाठ असतं. तरी नारळ पडेपर्यंत ते हातातला घास हातातच धरून बसतं. त्यामुळे ‘तेच ते दाखवतात’ ही पालकांची तक्रार मला कधी पटली नाही. पालुपद तेच असायला हवं. बघायचं ते एवढंच, की कथेनं त्याला कोणत्या कामाला जुंपलंय.

‘मोटू पतलू’चंच घ्या. ‘लोटपोट’ या हिंदी बालमासिकातली ही जुनी जोडी २०१२ साली निकलोडियनवर आली. मुंबईच्या कॉसमॉस-मायानं ती त्रिमितीत उभी केली, दिग्दर्शन सुहास कदव यांचं. मोटू आणि पतलू या दोघांनाही आवाज एकाच कलावंताचा, सौरव चक्रवर्ती यांचा. हे कळल्यावर त्यांची भांडणं पुन्हा ऐकावीत, मजा दुप्पट होते. फुरफुरीनगरचा रिवाज ठरलेला आहे. चहावाल्याकडचे समोसे मोटू लांबवतो. डॉ. झटका काहीतरी यंत्र बनवतो. डॉन व्हायला निघालेला जॉन त्या यंत्रावर डोळा ठेवतो. मग मारामारी, आणि मोटू आडवा.

इथे समोसा दुसऱ्यांदा येतो, आणि माझं भांडण या दुसऱ्या समोशाशी आहे.

पहिल्या समोशाला स्वभावाचा आधार आहे. चहावाल्याची पाठ वळते न वळते तोच परात रिकामी, मोटूचे गाल फुगलेले, आणि ‘मी नाही खाल्ले’ हे सांगायलाही तोंड रिकामं नाही. अशी चोरी शंभर वेळा बघता येते, कारण दर वेळी निराळी तारांबळ उडवायला लेखकाला जागा असते. शेवटचा समोसा मात्र औषधाची गोळी आहे. तो कुठून तरी उडत येतो, पोटात जातो आणि जॉन आपल्या माणसांसकट आकाशात. खाण्याची हाव ही मोटूची खोड होती. शेवटी तीच त्याची ताकद ठरते, आणि खोड उपयोगी पडायला लागली की तिच्यावर हसू येत नाही. हैदराबादच्या ग्रीन गोल्डनं २००८ मध्ये आणलेल्या ‘छोटा भीम’मध्ये टुनटुन मावशीचे लाडू हेच करतात. मूळ युक्ती पॉपायची: १९३३ पासूनच्या त्याच्या कार्टूनपटांत पालकाचा डबा हेच करत होता. तरी तिथे डबा हाती लागेपर्यंतची धडपड चित्रकारांनी खुलवली होती. आपल्याकडे समोसा जणू टपालानं येतो.

याउलट ‘डोरेमॉन’ बघा. नोबिता रडत घरी येतो, डोरेमॉनच्या खिशातून नवं उपकरण निघतं, दोन घटका मजा होते. मग तो हावरटपणा करतो आणि सगळं त्याच्यावरच उलटतं. इथेही ठरीव साचाच आहे, पण उपकरण प्रश्न सोडवत नाही, वाढवतं. चक जोन्सनं १९४९ साली जन्माला घातलेल्या त्या कोल्ह्याच्या जातीच्या कायोटीची भक्ष्य पकडायची यंत्रंही कधी चालली नाहीत. चालली असती तर मालिका पहिल्याच दिवशी संपली असती. ‘शिनचान’वर २००८ मध्ये सरकारनं काही काळ बंदी घातली, ती त्याच्या वाह्यातपणामुळे. पण वाह्यातपणापाठोपाठ आईची टप्पल आणि डोक्यावरचं टेंगूळही ठरलेलं असतं, हे तक्रार करणाऱ्यांनी बहुधा पाहिलं नसावं.

‘मोटू पतलू’ मला आवडते ती कडेच्या माणसांमुळे. कोणतंही काम निघो, घसीटारामला त्याचा वीस वर्षांचा अनुभव असतो, आणि त्या अनुभवानं आजवर कुणाचं काम झालेलं नाही. त्याचं पालुपद आणि चिंगमचा नारळ या दोन्हींवर कथेचं ओझं नाही, म्हणून ती ताजी राहतात. गावातली पोरं केळीच्या बागेपाशी मोटू-पतलूचा खेळ खेळतात तेव्हा समोसा पटकन उरकतो. रंगतो तो घसीटाराम. वीस वर्षं मोटार दुरुस्त केली, वीस वर्षं पपई उतरवली, वीस वर्षं चौथीत बसलो.

ही भर घालायची रीत इथली जुनीच. याच तालुक्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तमाशाचे फड उतरतात. गवळणीत मथुरेच्या बाजाराची वाट अडवणारा कृष्ण तोच, पेंद्या तोच, लुगडं नेसलेल्या गड्याची मावशी तीच. पण मावशी तोंड उघडते ती त्या गावाचा, त्या आठवड्याचा विषय घेऊन: कापसाचा भाव, निवडणूक, समोर बसलेल्या पाटलाचा फेटा. साचा पक्का असल्यामुळेच तिला आत मोकळीक मिळते. मुंबई-हैदराबादेत एकदाच बनून देशभर दाखवल्या जाणाऱ्या मालिकेला ही मोकळीक नाही, हे मान्य. पण मराठीत तरी कुणी प्रयत्न करावा की नाही? चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून वर्तमानपत्रात रोज तेच मित्र, तेच शेजारी घेऊन नवं हसू काढत होता. २०१२ मध्ये तो पडद्यावर आला तो हाडामासाच्या नटांनिशी, रेषांमधून नाही. वर्षानुवर्षं चालणारी आणि मुळातच मराठीत रचलेली विनोदी कार्टून मालिका घराघरांत रुजलेली दिसत नाही. काही वाहिन्यांवर मराठी आवाज मिळतो, पण तो वरून चढवलेला.

आणि ‘मोटू पतलू’च्या आवाजांतही एक बोचरी गोष्ट आहे. चिंगमचं हसं होतं ते नुसतं नारळामुळे नाही, त्याच्या दाक्षिणात्य हेलामुळेही. झटक्याची पंजाबी ढंगाची हिंदी याच कामाला लावलेली. हेल हेच पालुपद करणं हा या मालिकांचा सर्वांत आळशी रिवाज, कारण त्यात माणसाला काही करावं लागत नाही, नुसतं बोललं तरी पुरतं. घरात अहिराणी, गुजरी नाहीतर भिली बोलणारं शहाद्याकडचं मूल त्या हेलाला मनापासून हसतं. पुढे पुण्याच्या वसतिगृहात त्याच्या स्वतःच्या बोलण्याला असंच हसणारी मुलं हीच मालिका बघून मोठी झालेली असतात.