मण्यांच्या छिद्रातला दोरा

महाराष्ट्राच्या वस्त्रपरंपरेवरील लेखात नेवाशाचा दोरा हमखास येतो. प्रवरेकाठच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत, एका बालकाच्या दफनात, तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मणी ज्यात ओवले होते तो दोरा रेशीम व कापूस यांचा असल्याचे तपासणीत ठरले. डॉ. ह. धी. सांकलिया आणि सहकाऱ्यांचा उत्खनन-अहवाल १९६० चा. तिथून थेट पैठणीपर्यंतची उडी आपले लेखक एका वाक्यात मारतात. ती मला मान्य नाही.

दोरा म्हणजे कापड नव्हे. निदान परळमध्ये तरी हे सांगावे लागू नये. इथे त्रासनखाते वेगळे आणि साळखाते वेगळे होते. मोहेंजोदडोच्या चांदीच्या भांड्याला चिकटलेला तुकडा मात्र खरोखरीचे कापड. तो परळहून दोन स्थानकांवरच्या माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेतल्या गुलाटी आणि टर्नर यांनी तपासला. टिपण १९२८ चे. कापूस ओळखला गेलाच, शिवाय इंचाला एकीकडे २० आणि दुसरीकडे ६० धागे मोजता आले. तिथल्याच एका सुती अवशेषावर मंजिष्ठेच्या जातीचा रंगही ओळखला गेला. नेवाशाच्या दोऱ्यावरून वीण कशी मोजणार?

आणि तो टिकला कशामुळे? तांब्याच्या गंजातले क्षार जंतूंना मारतात, म्हणून धातूला लागून असलेला तेवढाच धागा उरतो. ज्याच्या गळ्यात तांबे नव्हते त्याचे धोतर, गोधडी, जाळे सगळे मातीत गेले. म्हणजे आपल्यापुढे आहे ती धातूने केलेली निवड. वस्तीत सर्रास काय नेसत, हे त्यातून कळत नाही.

चांडोलीचा दोरा मला अधिक बोलका वाटतो. घोड नदीकाठच्या या वस्तीतल्या तांब्याच्या मण्यांत जवसाच्या तंतूंचा दोरा निघाला. आपल्याकडे जवस म्हणजे तेल आणि चटणी. त्याच्या खोडातून सूत निघते हे शेतकऱ्यालाही नवलाचे वाटेल. (संस्कृतातले क्षौम ते हेच.) उत्खननात जळके जवस सापडले की आपण तेलबी लिहून मोकळे होतो. पण तंतूसाठी लावलेले पीक दाणे पुरते पिकण्याआधीच उपटतात, त्यामुळे चुलीच्या राखेत त्याचे दाणे फारसे यायचेच नाहीत. बियांचे परिशिष्ट एका टोकाला आणि तंतूंचे दुसऱ्या टोकाला छापण्याची आपली रीत इथे अंगाशी येते.

रेशमाचेही तसेच. हडप्पा आणि चन्हुदडोचे धागे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून २००९ मध्ये ते रानकिड्यांच्या रेशमाचे ठरवले गेले. पैठणी तुतीच्या रेशमाची. नेवाशाचे रेशीम कोणत्या किड्याचे, हा प्रश्न पैठणीचे नाव घेण्याआधीचा आहे.